काकतीच्या थांब्यावरचा फोटो

बेळगावच्या शहापुरात ज्या बोळात तम्मण्णाचं घर होतं, तिथं माग सोडून दुसरं काहीही करणाऱ्या माणसाला वाया गेलेला म्हणायची रीत होती. त्या हिशेबानं तम्मण्णा पुरता वाया गेला होता. बापजाद्यांचा माग थोरल्या भावाच्या, सिद्रामच्या गळ्यात घालून तो निपाणीला गेला आणि तंबाखूचे व्यापारी आण्णाप्पा शेट यांची मोटार चालवायला लागला. बोळातले लोक म्हणायचे, चार पिढ्या बसून जेवल्या, ह्याला बसून पळायची हौस आली. मोटारीत बसल्यावर तम्मण्णाचा चेहरा असा काही खुलायचा की मालक कोण आणि नोकर कोण, असा बघणाऱ्याला प्रश्न पडावा. काळ सत्तावीस-अठ्ठावीस सालचा. पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर मोटार दिसली की बैल बुजायचे आणि गाडीवान ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. तम्मण्णा हसून हॉर्न वाजवायचा.

मग बायाक्का आजारी पडली आणि ते हसणं गेलं.

बायाक्का त्याची बायको. लग्न होऊन शहापुरात आल्यापासून ती कांड्या भरत होती, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायचं सूत लहान नळ्यांवर गुंडाळत होती. विणकराच्या घरातल्या बाईचा जन्म त्यातच जातो. सूत व्यापाऱ्याचं, विणलेलं लुगडंही व्यापाऱ्याचं, आणि अंगावर मात्र बाजारातलं जाडंभरडं. एकदा आस्मानी रंगाचं रेशीम आलं होतं. कांडी भरता भरता तिनं ते हळूच गालाला लावलेलं तम्मण्णानं पाहिलं. ती लाजली आणि म्हणाली, "रंग पक्का हाय का बगत हुते." आता रंग बघायची तिची खरी रीत त्याला काय माहीत नव्हती? अंगठा जिभेला लावायचा आणि सुतावर घासायचा. अंगठ्याला रंग आला की सूत रंगाऱ्याकडं परत. गालानं कुणी रंग बघत नाही.

खोकला पावसाळ्यात लागला तो हटला नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं, मग बायाक्काला बाहेर बसवलं आणि तम्मण्णाला आत थांबवून घेतलं. औषध म्हणावं असं काही नाही, दूध भरपूर द्या, मोकळ्या हवेत ठेवा, एवढंच ते म्हणाले. त्या रोगाला त्या काळात एवढंच म्हणायचे. मोकळी हवा शहापूरच्या बोळात कुठली? भावजय तिचं ताट वेगळं ठेवायला लागली. तिला तरी काय बोलावं, तिची लेकरं लहान होती. शेवटी बायाक्का माहेरी गेली, काकतीला. निपाणीहून बेळगावला येताना बेळगावच्या जरा अलीकडे, त्याच मोठ्या रस्त्यावर काकती. तिथं तिची आई गुणाबाई एकटी राहायची. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. पांढरं लुगडं आणि मोकळं कपाळ घेऊन ती बाई अंगणातनं रस्त्याकडं बघत बसलेली असायची. दारात एक दुभती म्हैस होती, तेवढाच आधार.

शेटची काही ने-आण बेळगावला निघाली की तम्मण्णा काकतीला उतरायचा. एकदा बायाक्कानं त्याला जवळ बसवून घेतलं.

"अवो, मला आता कशाचीबी हाव ऱ्हायली न्हाय," ती म्हणाली. "डॉक्टर तुमच्या कानात काय बोलला ते मला तवाच कळलं हुतं."

"कायबी बोलू नगंस."

"ऐका तर. आईचं बगितलंय मी. आबा गेलं आन् बायकांनी तिचं कपाळ पुसलं, त्या दिवसापासनं तिनं आरशात तोंड बगितलं न्हाय. मी तुमच्या आदी जातीया. कुकू घिऊन जातीया. माज्या जल्मात एवडंच चांगलं हाय, मला त्येचाच आधार वाटतुया. पर एक करा. माजा फोटू काढा. मोट्या कुकवाचा. आपल्या घरात भितीला लावा."

तम्मण्णा हो म्हणाला. जगवायचं हातात नव्हतं, निदान हे तरी आपल्या हातातलं आहे असं त्याला वाटलं. आणि एकदा काही हातातलं आहे म्हटल्यावर तो गडी हात धुऊन मागं लागला. रजा काढून शहापुरात आला, सिद्रामला मागावरनं उठवलं आणि स्वतः मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. सिद्राम म्हणाला, "मोटारवाल्याला आज मागाची आठवण कशी काय झाली?" तम्मण्णानं धोटा उचलला. त्यानं आस्मानी रेशमाचं लुगडं विणायला घेतलं होतं, बारीक रुपेरी काठाचं. हात विसरले नव्हते. शहापुरात त्या बोळातनं स्वतःच्या बायकोसाठी विणलेलं ते बहुधा पहिलंच लुगडं. लोक हसले. हसू देत, तो म्हणाला.

तिकडं दसऱ्याला आण्णाप्पा शेटनी नवी मोटार घेतली. मोटार घेऊन माणसाचं समाधान होत नाही, ती चार लोकांना दिसावी लागते. शेटनी बेत काढला. निपाणीहून बेळगावपर्यंत सहकुटुंब जायचं, मोठ्या रस्त्यावर जिथं जिथं बघण्यासारखं असेल तिथं थांबायचं, फोटो काढायचे आणि चौकटी करून पेढीवर लावायचे.

"मोटार, मी आन् मुलूख, तिन्ही येका फोटूत याया पायजेत," शेट म्हणाले. "कुठं थांबायचं ते तू ठरीव तम्मण्णा. रस्ता तुज्या पायाखालचा हाय."

तम्मण्णाच्या डोक्यात तिथंच काकतीचा थांबा पक्का झाला. बाकीचे त्यानं त्याच्या भोवती बसवले. स्तवनिधीच्या घाटात चढावर मोटार तापायचीच, पाणी घालायला थांबावं लागायचंच, तेव्हा पहिला फोटो तिथं. मग संकेश्वरला नदीचा पूल. मग वंटमुरीच्या घाटातली झाडी. आणि मग काकती. शेटना त्यानं सांगितलं, काकतीला विहिरीचं पाणी गार आहे, तिथं इंजनाला पाणी दाखवून मग ऐटीत बेळगावात शिरू.

फोटो काढायला बेळगावच्या कॅम्पातला जोतिबा ठरला. लाकडी कॅमेरा, तीन पायांची घोडी, काळं फडकं आणि काचांची पेटी, असा त्याचा संसार. त्या काळी फोटो काचेवर निघायचा, एका काचेवर एक. जोतिबा तम्मण्णाच्या ओळखीचा होता. तम्मण्णानं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"एक काच राखून ठेव. तिच्यासाटनं."

"ठेवतो," जोतिबा म्हणाला. "पर ऊन कलायच्या आत मला काकतीला न्हे. पांढरं ऊन पायजे. सांजचं तांबूस ऊन माज्या काचंला गावत न्हाय."

"जेवणं झाली की काकती," तम्मण्णा म्हणाला. त्यानं बायाक्काला निरोप धाडला, लुगडं आधीच पोचवलं होतं. आता अडायचं काय, असं त्याला वाटलं. त्याला शेटचा स्वभाव माहीत होता, तरी वाटलं.

निघायलाच उशीर झाला. शेटना कोट आवडेना, मग फेटा आवडेना. त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी शेवटी एक फेटा हातात दिला आणि म्हणाल्या, "तोंड तेच ऱ्हाणार हाय, चला आता." स्तवनिधीच्या घाटात मोटार ठरल्याप्रमाणं तापली. शेट एक पाय मोटारीच्या पायरीवर ठेवून उभे राहिले. जोतिबा काळ्या फडक्यात शिरला. तेवढ्यात शेटना वाटलं की दुसरा पाय ठेवला तर अधिक रुबाब येईल. असं दोन्ही पायांचं समाधान होईपर्यंत दोन काचा गेल्या.

संकेश्वरला पुलावर तंबाखूचे ओळखीचे व्यापारी भेटले. त्यांना मोटारीत बसवून फिरवून आणणं आलं, त्यांच्याबरोबर फोटो आला, मग त्यांच्या घरी जेवणाचा आग्रह आला. तम्मण्णा पंगतीत न बसता मोटारीपाशी उभा राहिला. सावली मोटारीच्या चाकाखालनं सरकत पलीकडं निघाली होती. शेट ढेकर देत बाहेर आले आणि वर पान घ्यायला परत आत गेले. जिवावर उदार होऊन माणूस काय करेल ते तम्मण्णानं केलं, म्हणजे हॉर्न वाजवला. शेट तावातावानं बाहेर आले. "मोटार माजी हाय का तुजी?" तम्मण्णानं मान खाली घातली.

हत्तरगीच्या पुढं चाक पंक्चर झालं. ते काढून दुसरं बसवताना तम्मण्णाचे हात इतके घाईत होते की पान्हा दोनदा निसटला आणि बोटं सोलली. चाक बसलं. तो उठतोय तोवर शेट म्हणाले, "थांब. पान्हा हिकडं दे. मी चाक बशिवतुया असा एक फोटू काढ जोतिबा." कोट-फेट्यासकट शेट चाकापाशी उकिडवे बसले. पान्हा उलटा धरला होता. कुणी सांगितलं नाही.

वंटमुरीच्या घाटात जोतिबानं पेटी झाकली आणि सांगितलं की काचा संपल्या. शेट हळहळले. रुक्माबाईंनी हात जोडले.

काकतीला मोटार लागली तेव्हा ऊन कललं होतं. अगदी गेलं नव्हतं. गुणाबाईच्या अंगणापुढं रस्त्याला वळण आहे, तिथं वडाखाली बायाक्का अंगणाच्या भिंतीला टेकून उभी होती. सकाळपासनं तयार होऊन बसली होती. शेजारच्या मालुबाईनं तिला सजवलं होतं, कारण गुणाबाईच्या हातानं हळदकुंकू लावून कसं चालेल? आजारानं चेहरा काळवंडला म्हणून मालुबाईनं तोंडभर हळद चोळली होती, नवरीला चोळतात तशी. त्या पिवळ्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू. अंगावर आस्मानी लुगडं. हाताच्या काड्या झाल्या होत्या म्हणून चुडे भरलेले हात तिनं पदराखाली घेतले होते, आणि गळ्यापाशी हाडं दिसू नयेत म्हणून पदर वरपर्यंत ओढला होता. तम्मण्णानं तिला पाहिलं आणि त्याला आजार दिसलाच नाही. एवढी देखणी ती त्याला लग्नातही दिसली नव्हती.

जोतिबानं पेटीच्या तळातनं राखलेली काच काढली. शेटना ती दिसली.

"आँ? संपल्या म्हणालतास न्हवं? मग हितं आमचाबी काढ की येक!"

रुक्माबाई मोटारीतनं उतरल्या होत्या. त्यांनी बायाक्काकडं नीट पाहिलं आणि नवऱ्याकडं वळल्या. "तुमी गप बसा जरा," एवढंच त्या म्हणाल्या. मग मागं बांधलेल्या घडीच्या दोन खुर्च्या स्वतःच्या हातानं सोडून वडाखाली शेजारी शेजारी मांडल्या. "बसा दोगं जोडीनं," त्या तम्मण्णाला म्हणाल्या.

बायाक्का एका खुर्चीत बसली, शेजारच्या खुर्चीत तम्मण्णा. जोतिबानं काळ्या फडक्यातनं डोकं बाहेर काढलं. त्याचा चेहरा जरा उतरला होता.

"आत्ती, दुसरं लुगडं न्हाय व्हय हिच्याकडं? हिरवं, लाल, कसलंबी?" त्यानं गुणाबाईला विचारलं.

"का रं बाबा?" गुणाबाई लांबून म्हणाली. "त्येनी सोता विणलंय तिच्यासाटनं."

जोतिबा थबकला. बायाक्काला खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत सगळे थांबले. तिला पुन्हा आत नेऊन लुगडं बदलणं कुणाच्या मनातही आलं नसतं. मोटारीतनं शेटनी हॉर्न वाजवला.

"का रं जोतिबा? काय झालं?" तम्मण्णानं विचारलं.

"न्हाय, सहज." मग तो म्हणाला, "तोंडावर उजेड कमी हाय. समोरनं कुणीतरी पांढरं धोतर धरायला पायजे, उजेड परत तोंडावर पडंल."

मालुबाई म्हैस बघायला गेली होती. रुक्माबाई शेटना गप्प करत होत्या. तम्मण्णा गुणाबाईकडं वळला, पण ती मागं सरली. "नगं बाबा. माजी सावली तिच्या फोटूवर नगं. सवाष्णीचा फोटू हाय." तेव्हा तम्मण्णा बायकोच्या शेजारच्या खुर्चीतनं उठला, डोक्याला गुंडाळलेलं धोतर सोडलं आणि कॅमेऱ्याच्या बाजूला दोन्ही हात पसरून उभा राहिला. बायाक्का त्याच्याकडं बघत होती. जोतिबानं भिंगावरचं झाकण काढलं, मनाशी आकडे मोजले आणि झाकण लावलं.

आठवड्यानं तम्मण्णा बेळगावला जोतिबाकडं गेला. शेटच्या चौकटी तयार होऊन भिंतीला टेकून ठेवल्या होत्या, पान्हा उलटा धरलेली सगळ्यांत झकास आली होती. जोतिबानं त्याला आधी बसायला सांगितलं, चहा मागवला, मग कागदात गुंडाळलेला फोटो पुढं केला.

तम्मण्णाला वाटलं, चुकून गुणाबाईचा दिला. पांढरंशुभ्र लुगडं गळ्यापर्यंत ओढून घेतलेली एक काळी, वाळलेली बाई एका खुर्चीत बसली होती. कपाळावर काही नव्हतं. हातात काही दिसत नव्हतं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"ह्या काचंला आपल्यावाणी रंग दिसत न्हाईत," जोतिबा खाली बघत म्हणाला. "निळं तिला पांढरं दिसतं. पिवळं आन् तांबडं काळं दिसतं. हळद काळी झाली आन् कुकू त्यात बुडालं. त्यात ऊनबी तांबूस झालं हुतं."

"तुला म्हाईत हुतं?"

"लुगडं बगितलं तवाच कळलं हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? म्हातारी म्हणाली तू विणलंस. तिला धड बसवंना. ऊन चाललं हुतं, तुजा शेट बोंबलत हुता. मला वाटलं, न्हाय त्यापेक्षा ह्यो तर निगू दे."

तम्मण्णाच्या मनात आलं की ह्याच्या कानाखाली वाजवावी. पण हातातला फोटो खाली ठेवावा लागला असता, आणि तो खाली ठेववेना. परत मोटार मिळेल, परत जोतिबाला नेता येईल, असं काही नव्हतं. बायाक्का आता बसूही शकत नव्हती, असा निरोप आला होता.

जोतिबानंच मार्ग काढला. फोटोवर वरनं रंग भरायचं काम तो करायचा. त्यानं बारीक कुंचल्यानं लुगडं आस्मानी केलं, ओठांवर जरा गुलाबी दिलं आणि कपाळावर लालभडक कुंकू काढलं. रिकाम्या खुर्चीचं मात्र काही करता येईना. तरी फोटो पुष्कळ सुधारला. तम्मण्णानं तो उजेडात धरून चारचारदा बघितला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. माणूस बुडताना काडीला धरतो म्हणतात, इथं तर रंगीत काडी होती.

काकतीला बायाक्का अंथरुणावर होती. फोटो हातात घेतल्यावर तिच्या तोंडावर जे आलं ते बघायला तम्मण्णानं सगळा रस्ता तुडवला होता. तिनं तो छातीशी धरला, परत समोर धरला, आईला दाखवला. आई म्हणाली, "लई बेस आलाय गं." बायाक्का लुगड्याच्या रंगाकडं कितीतरी वेळ बघत राहिली. मग जन्मभराच्या सवयीनं, मनात काही एक नसताना, तिनं अंगठा जिभेला लावला आणि कपाळावरच्या कुंकवावर घासला.

कुंकू अंगठ्यावर आलं. फोटोतलं कपाळ मोकळं झालं.

तम्मण्णा ओरडला, "अगं, नगं!" पण तिनं अंगठा आणखी ओला केला होता आणि लुगड्यावर घासला होता. निळं निघालं, खाली पांढरं. तिनं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा भिंतीशी उभ्या असलेल्या आईकडं, आणि मग आपल्या अंगठ्याकडं. स्वतःच्या हातानं स्वतःचं कुंकू पुसलेली बाई जशी बघेल तशी ती बघत होती, आणि ते बघणं तम्मण्णाला सोसेना.

त्यानं सगळं सांगितलं. काच, निळा रंग, हळद, तांबूस ऊन, जोतिबानं लपवलेलं, स्वतः लपवलेलं. एकदा सांगून झालं, मग पुन्हा सांगितलं. बायाक्का ऐकत होती.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "काचंचाच दोष आसंल." आणि फोटो पालथा घालून तिनं उशाखाली सारला.

तम्मण्णाला वाटलं, पटलं. पटवून घ्यायची त्यालाच घाई होती. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा गुणाबाईनं त्याला गोठ्यापाशी अडवलं.

"तिनं दूद सोडलंय."

"म्हंजे?"

"तुमच्या नावानं. देवाला सोडलंय. तुमी औक्षवंत व्हावं म्हणून. वाटी तोंडाला लावली तरी दात आवळून धरतीया. मी पाया पडले, तरी आयकंना."

तो आत धावला. स्वतः वाटी घेऊन बसला. "बाया, मी जिता हाय की गं! तुज्या म्होरं बसलोय. हात लावून बग."

"आज हायसा," बायाक्का म्हणाली. "त्या फोटूत मी हाय आन् तुमी न्हाईसा. मी तुमच्या मागं ऱ्हाणार, आसं दिसलंय त्यात. मला ते नगं. तुमी त्या मोटारीतनं फिरतासा, रोज मला वाटतं आता सांगावा यील."

"अगं, मी धोतर धरून हुबा हुतो!"

"व्हय. ठावं हाय मला."

"मग?"

"देवाला दिल्यालं परत मागू नये," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं.

तम्मण्णानं त्याच दिवशी निपाणीला जाऊन मोटार सुरू करायचं हँडल शेटच्या पुढं ठेवलं. शेट आधी चिडले, मग ऐकून घेतल्यावर त्यांनी मोटारीचं बोलणंच सोडलं आणि त्याला जेवून जा म्हणाले. त्यानंतर उभ्या जन्मात तम्मण्णानं मोटारीला हात लावला नाही. तो पुढं शहापुरातच मागावर बसला. लढाई आली, गेली, साहेब गेले, मोठ्या रस्त्यावरनं मोटारींची रांग लागायला लागली, आणि बोळातले लोक त्याला शहाणा झालेला म्हणायला लागले. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. प्रकृती दगडासारखी होती, साधा ताप म्हणून कधी आला नाही. कुणी कौतुकानं तसं म्हटलं की तो एवढा भडकायचा की म्हणणारा गांगरून जायचा.

पण त्या वेळी तो हँडल ठेवून काकतीला परत आला होता, ते या आशेनं की आता तरी ती दूध घेईल. मी मोटार सोडली, आता मला काही होत नाही, तू वाटी घे, असं त्यानं तिला सांगितलं. तिला बरं वाटलं. तिनं त्याचा हात हातात घेतला. दूध मात्र घेतलं नाही.

तो हात तिनं मग सोडलाच नाही. मनगटावर बोटं ठेवून पडून राहायची. तम्मण्णाला वाटायचं, आधारासाठी धरलाय. शेजारणी म्हणायच्या, किती जीव आहे नवऱ्यावर. एका सकाळी बसून बसून त्याचा हात आखडला म्हणून त्यानं जरा सरकवला, तशी ती दचकून उठली आणि त्याचं मनगट चाचपत सुटली, "लागंना, लागंना," म्हणत. तेव्हा त्याला कळलं की ती इतके दिवस त्याची नाडी बघत होती.

मग तो हलला नाही. जेवणसुद्धा डाव्या हातानं करायचा. गुणाबाई घास कालवून द्यायची.

शेवटच्या दुपारी ऊन अंगणात होतं आणि म्हैस दावणीला रवंथ करत होती. बायाक्काचे डोळे अर्धे मिटले होते. बोटं मनगटावर होती, पण त्यांत आता धरण्याचं बळ राहिलं नव्हतं, म्हणून तम्मण्णानं आपल्या दुसऱ्या हातानं ती तिथं दाबून धरली होती.

"चालतीया?" तिनं विचारलं.

"चालतीया की."

"ही तुमची का माजी?"

"माजी हाय, बाया. माजी."

ती बराच वेळ बोटांकडं लक्ष लावून राहिली. "मला कळंना झालंय," ती म्हणाली.

"माजीच हाय," तो म्हणाला. तिचा श्वास थांबल्यावरही तो तिची बोटं मनगटावर दाबून हेच सांगत होता. गुणाबाईनं येऊन ती बोटं सोडवेपर्यंत तो सांगत होता.